पानामागची मान

१९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यातला शब्द न् शब्द कुणीतरी उभ्याने जुळवला होता. खिळ्यांची केस समोर तिरकी मांडलेली, एका हातात स्टिक, दुसरा हात खणाखणांतून फिरतो आहे. त्या कंपोझिटरचे पाय भरून येत, डोळे अधू होत, आणि शिशाची बाधा व्हायची ती वेगळीच. आज त्याच्या जागी डीटीपी ऑपरेटर बसते. शिसं गेलं हे फार चांगलं झालं. पण त्याबरोबर उभं राहणं गेलं, हात फिरवणं गेलं, आणि उरली ती खुर्चीत खिळलेली पाठ, एका बाजूला वळलेली मान आणि दिवसभर चालणारी दहा बोटं. मराठीत वर्षाला शेकडो दिवाळी अंक निघतात. त्यांच्या लेखकांना दाद मिळते, चित्रकारांना मिळते. अंक ज्या मानांवरून आणि मनगटांवरून जातो त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

संवादातल्या दोघी एकाच घरातल्या आहेत. वहिनी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छोट्या दुकानात मराठी मजकूर टाइप करतात, पानं लावतात. पैसे पानामागे. नणंद फिजिओथेरपिस्ट, तिच्याकडे येणाऱ्यांत हिंजवडीचे संगणक अभियंते जास्त. एकमेकींवर जीव आहे, या एका विषयावर मात्र पटत नाही.

वहिनी : तुझं ते 'ताठ बस' आधी सांगून टाक, म्हणजे पुढचं बोलता येईल.

नणंद : नाही सांगणार. दिवसभर ताठ बसणं कुणालाच जमत नाही, आणि जमलं तरी दुखतंच. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर तो जास्त भरला. १९९९ मध्ये जर्मनीत एका माणसाच्या चकतीत दाब मोजणारं यंत्र बसवून पुन्हा मोजलं, तर सैल बसल्यावरचा दाब उभ्याने असतो त्यापेक्षा जास्त निघालाच नाही. तो एकच माणूस होता, हे मान्य. पण टेकून, सैलावून बसलं की पाठीला आराम पडतो, यात दोन्ही मोजण्यांचं एकमत आहे. मी माझ्या पेशंटना सांगते, तीन तास न बदललेली बैठक वाईट, मग ती दिसायला कितीही छान असो.

वहिनी : आणि ती बदलायची कधी? पानाला दर ठरलेला. करेक्शनचे वेगळे पैसे नाहीत. तिसरं प्रूफ झाल्यावर लेखकाला सुचतं की दुसरा परिच्छेद शेवटी न्यावा. मग सगळी पानं सरकतात, चित्रं सरकतात, मी पुन्हा बसते. मी उठले की पान थांबतं, पान थांबलं की पैसे थांबतात. तुझे हिंजवडीवाले मधेच कॉफीला जातात, त्यांचा पगार कुणी कापत नाही.

नणंद : पान थांबतंच असं नाही, वहिनी. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यात डेटा एन्ट्री करणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २००० साली छापून आला. नेहमीच्या दोन सुट्ट्यांखेरीज त्यांना तासाला पाच मिनिटांची जास्तीची सुट्टी दिली. दिवसाला वीस मिनिटं गेली. तरी काम तेवढंच झालं, आणि अंगाचं आणि डोळ्यांचं दुखणं कमी झालं. तू दुपारी चारनंतर जे टाइप करतेस त्यात चुका किती होतात, ते तूच बघ. त्या दुरुस्त करायला लागतो तो वेळ पाच मिनिटांपेक्षा जास्त असतो.

वहिनी : चुका होतात, खरं आहे. पण त्यांना सुट्टी खात्याने दिली होती ना? सगळे एकदम उठले असतील. मी एकटी उठले की मालकांची नजर वर जाते. ते वाईट नाहीत गं. पण त्यांनाही छापखान्याची तारीख असते. उठायची परवानगी असणं आणि उठण्याची सोय असणं यांत फरक आहे.

वहिनींचं हे वाक्य मी आरोग्याच्या पुस्तिकांत शोधलं, सापडलं नाही. तिथे 'दर अर्ध्या तासाने उठा' असं आज्ञार्थी क्रियापद असतं, आणि उठणाऱ्याच्या वर कुणी बसलेलं आहे याचा पत्ता नसतो. जुन्या वैद्यांना मात्र तो होता.

नणंद : इटलीत रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. कामामुळे होणाऱ्या रोगांवर त्यांचा ग्रंथ आहे, त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत कारकून आणि लेखनिकांवर प्रकरण आहे. त्यांनी दुखण्याची तीन कारणं दिली. सतत बसणं. हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल. आणि मनावरचा ताण, की वहीत चूक होऊ नये, मालकाचं नुकसान होऊ नये.

वहिनी : मग तिसऱ्याबद्दल तू कधी का बोलत नाहीस? पहिल्या दोनांसाठी तुझ्याकडे व्यायाम आहेत. तिसऱ्यासाठी मला श्वास मोजायला सांगतेस.

नणंद : कारण तिसरं माझ्या टेबलावर येत नाही. टेबलावर मनगट येतं.

वहिनी : मनगट दुकानातूनच आलेलं असतं.

नणंद : बरं. त्याच प्रकरणात एक गोष्ट आहे, ती ऐक. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा लिहून लिहून उजवा हात लुळा पडला. त्याने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. काही काळाने डाव्यालाही तेच झालं. तू मध्यंतरी माऊस डावीकडे घेतलास, तेव्हा मला तोच आठवला. हात बदलणं चांगलं, पण त्याने वेळ मिळतो इतकंच. कामाची रीत तीच ठेवली तर दुखणं बाजू बदलून येतं.

वहिनी : म्हणजे तू माझ्याच बाजूने बोलते आहेस.

नणंद : थोडी. १९०८ साली ब्रिटनमध्ये तारा पाठवणाऱ्यांच्या हाताचा पेटका भरपाईच्या कायद्यात रोग म्हणून नोंदला गेला, इतकं हे जुनं आहे. आणि ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर सरळ तुझ्या बाजूचं आहे. १९८० च्या दशकात तिथे कीबोर्डवर काम करणाऱ्यांत हातदुखीची लाट आली. टेलिकॉम ऑस्ट्रेलियाने आपल्या माणसांचा हिशोब मांडला. सगळ्यांत जास्त बटणं दाबणारे होते तार-ऑपरेटर. त्यांच्यात तक्रारी कमी निघाल्या. त्यांच्याहून कितीतरी कमी बटणं दाबणाऱ्या टेलिफोन ऑपरेटरांत त्या अनेक पटींनी जास्त निघाल्या. बटणांच्या संख्येवरून दुखणं ठरत असतं तर उलटं व्हायला हवं होतं.

त्या लाटेचं पुढे जे झालं ते इथे सांगायला हवं. काही वर्षांत ती ओसरली, आणि काही डॉक्टर म्हणू लागले की हे दुखणं हातात नव्हतंच, डोक्यात होतं. कामगारांचा त्यात अपमान झाला, असं मी ठामपणे म्हणेन. मनावरच्या ताणाने स्नायू आखडतात, झोप जाते, दुखरी जागा आणखी दुखते. हे सगळं शरीरातच घडतं. वेदनेमागे ताण आहे म्हटल्याने वेदना खोटी ठरत नाही. नणंद हे जाणते, म्हणून ती पुढे जे म्हणाली त्यात 'मनाचं आहे' हे शब्द नव्हते.

नणंद : दर आणि तारखा माझ्या हातात नाहीत. टेबल आहे. मागच्या आठवड्यात दुकानात आले तेव्हा मी तुझ्याकडे बघत उभी होते, तुला कळलंही नाही. हस्तलिखित कुठे होतं?

वहिनी : डाव्या हाताला, टेबलावर. नेहमी तिथेच असतं.

नणंद : म्हणजे प्रत्येक ओळीला मान खाली आणि डावीकडे, मग वर आणि समोर. डोकं साडेचार-पाच किलोंचं. ते मानेवर तोललेलं असेल तर स्नायूंना फारसं काही करावं लागत नाही. पुढे कललं की मागचे स्नायू त्याला धरून ठेवतात, सोडत नाहीत. तुझी डावी बाजूच का दुखते याचं उत्तर त्या कागदांत आहे. आईंच्या देवघरात पोथी ठेवायचा घडीचा लाकडी स्टँड आहे ना, तसला एक घे. कागद त्यावर उभे, स्क्रीनला लागून, स्क्रीनच्याच उंचीला. मानेसाठी याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

वहिनी : हे आवडलं मला. यात मालकांना विचारायचंही नाही.

नणंद : पुढे ऐक. तुझे पाय जमिनीला टेकत नाहीत. टेबल उंच म्हणून तू खुर्ची वर घेतलीस, आणि पाय लोंबकळले. मांडीखाली कड रुतते, मग तू पुढे सरकून बसतेस, मग पाठ टेकत नाही. पायाखाली पाट घे. कीबोर्डाच्या मागचे दोन छोटे पाय मिटून टाक, ते उघडे असले की मनगट वर मोडतं. कोपर टेबलाच्या पातळीला आलं पाहिजे. माऊस कीबोर्डाला चिकटून ठेव. आकड्यांच्या बटणांपलीकडे तो ठेवलास की खांदा दिवसभर बाहेर ताणलेला राहतो. आणि स्क्रीन खाली घे.

वहिनी : खाली? सगळे तर वर घ्या म्हणतात. डोळ्यांच्या रेषेत.

नणंद : ते चाळिशी नसलेल्यांसाठी. तुझ्या चष्म्यात जवळचं बघायची काच खाली आहे. स्क्रीन उंच असेल तर तू हनुवटी वर उचलून खालच्या काचेतून वाचतेस. दिवसभर तसंच. एक तर स्क्रीन खाली हवा, नाहीतर स्क्रीनच्या अंतराचा वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घे. हात लांब केला की बोटं जिथे पोचतात, साधारण ते अंतर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांग.

वहिनी : आणि करंगळी? ती तू बघितलीच नाहीस.

नणंद : करंगळीचं काय?

वहिनी : आमच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डावर क साधा, ख शिफ्टवर. त साधा, थ शिफ्टवर. द-ध, ब-भ तसंच. ण, श, ळ शिफ्टवर. शब्द अ-आ-इ-ईने सुरू झाला की शिफ्ट. मराठीत ण, श आणि ळ किती येतात सांगू? इंग्रजी टाइप करणाऱ्याला वाक्याच्या सुरुवातीला शिफ्ट लागतं, मला प्रत्येक शब्दात. उजव्या बोटांनी अक्षर आणि डाव्या करंगळीने शिफ्ट दाबून धरायचं. तुझ्या इंग्रजी पुस्तकांत ही करंगळी नसणार.

नणंद : नाही. खरंच नाही. पण उपाय संगणकातच आहे. स्टिकी कीज म्हणून सोय असते, शिफ्ट पाचदा दाबलं की विंडोज विचारतं. ती चालू केलीस की शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. एकदा टिचकी मारायची, सोडायचं, मग अक्षर. आधी दोन-चार दिवस वेग पडेल.

वहिनी : वेग पडला तर हंगामात कसं चालेल? जूनमध्ये करून बघता आलं असतं. (जरा थांबून) थोडा वेळ करून बघते, जेवणानंतर.

डोळ्यांचा विषय त्यांनी पटकन संपवला. स्क्रीनकडे बघताना पापण्या नेहमीपेक्षा खूप कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दुकानात वीस फूट जागाच नाही, असं वहिनी म्हणाल्या. दारातून चौक दिसतो, तो चालेल, असं ठरलं.

नणंद : आता जे सांगते त्यावर तू चिडणार आहेस. टेबल नीट केलं तरी अर्धंच काम होतं. खांद्यांत ताकद हवी. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ ऑफिसवाल्यांवर प्रयोग झाला, २०११ मध्ये छापून आला. रबरी नळी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे. एका गटाने रोज बारा मिनिटं केलं, एका गटाने फक्त दोन मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, दहा आठवडे. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, आणि दोन मिनिटंवाले फारसे मागे नव्हते.

वहिनी : मी सकाळी पोळ्या लाटते, कपडे पिळते, पाणी भरते, मग दुकानात जाते. परत येऊन पुन्हा ओट्याशी. व्यायाम कमी पडतो असं म्हणायची हिंमत होते कशी तुम्हा लोकांची?

नणंद : कष्ट कमी पडतात असं मी म्हटलं नाही. पिळताना आणि लाटताना तेच मनगट, तोच अंगठा राबतो जो दुकानात राबला. ती भर आहे, विश्रांती नाही. मी सांगते तो भार वेगळ्या स्नायूंवर, थोडा आणि वाढत जाणारा. आणि कपडे पिळायचं काम दादाकडे दे. हे फिजिओ म्हणून सांगते आहे, बहीण म्हणूनही.

वहिनी : ते लिहून दे, कागदावर. तुझ्या सहीचं.

नणंद : देते. योगासनांचंही विचारशील म्हणून सांगते. अय्यंगारांच्या पद्धतीवर आधारलेली आसनं मनगटाच्या नसेच्या दुखण्यावर वापरून बघितलेला अभ्यास १९९८ मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ४२ माणसं, आठ आठवडे. पकड सुधारली, वेदना कमी झाली. नसेच्या तपासणीत मात्र मोठा फरक दिसला नाही. बरं वाटणं आणि नस मोकळी होणं या दोन गोष्टी आहेत, म्हणून मी...

वहिनी : नसेचं दुखणं म्हणजे कसं?

नणंद : अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मुंग्या, बधिरपणा. रात्री जास्त. माणूस झोपेतून उठून हात झटकतो, मग बरं वाटतं.

वहिनी : मी रोज उठते.

नणंद : कधीपासून?

वहिनी : गणपतीच्या आधीपासून. कप धरताना सुटतो कधीकधी. मला वाटलं थकव्याने.

नणंद : हे आधी सांगायचं. आपण इतका वेळ पाटावर आणि चष्म्यावर बोलत बसलो. हात दाखव. अंगठा तळव्यापासून वर उचल, मी दाबते, तू दाबू देऊ नकोस. उजवा कमी पडतोय. ऐक, आता आधी तपास. मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधून मीडियन नर्व्ह जाते, तिथे ती दाबली जाते आहे असं दिसतं. नसेची तपासणी करायची, सोबत साखर आणि थायरॉइड, कारण ते बिघडलं तरी असं होतं, आणि पाळी जाण्याच्या वयात जास्त होतं. आजपासून रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपायचं.

वहिनी : टायपिंगनेच झालं ना हे?

नणंद : तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. जोर लावून पकडण्याची कामं, थरथरणारी यंत्रं, यांच्याशी या आजाराचा संबंध पक्का आहे. कीबोर्डाशी तितका पक्का नाही.

वहिनी : म्हणजे मालक म्हणणार, कामाचा काही संबंध नाही. तुझा खरेपणा त्यांच्या कामी येणार.

नणंद : खोटं सांगून तुझा हात बरा होणार नाही. पण कशानेही झालेलं असो, सुजलेल्या जागेवर बारा-बारा तास काम लादलं तर ते वाढतं. एवढं मी कुणासमोरही सांगेन. मानेचं आणि खांद्याचं दुखणं तर कामाचंच आहे, त्याबद्दल मला शंका नाही.

वहिनी : कायदा काही म्हणतो का गं?

नणंद : युरोपात १९९० चा नियम आहे, स्क्रीनसमोरचं काम मधेमधे थांबलं पाहिजे अशी आखणी मालकाने करायची, आणि डोळेही तपासून द्यायचे. आपल्याकडे महाराष्ट्राचा दुकानांचा कायदा २०१७ चा. तो झाला तेव्हा त्यात सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती. आणि तो लागू होता दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी.

वहिनी : आम्ही चौघी आहोत.

त्या चौघी आणि गल्लीतल्या तशाच दुकानांतल्या इतर जणी, मराठीची बरीचशी छपाई यांच्यावर उभी आहे. कायद्याच्या आकड्याखाली राहिलेल्यांची विश्रांती मालकाच्या सवडीवर आणि लेखक-संपादकांच्या वक्तशीरपणावर सोपवलेली आहे. संपादकांनी साहित्य जुलैपासून टप्प्याटप्प्याने दिलं, दुसऱ्या प्रुफानंतरच्या फेरफारांना दर लावला, तर दिवसाची वीस मिनिटं सहज निघतील. यात कुणाचं दिवाळं निघत नाही. दर लावला की तिसऱ्या प्रुफावर परिच्छेद हलवणारे हात आपोआप आवरतील, असं मला वाटतं.

नणंद : मी दुकानात येते. चौघींचीही टेबलं बघते, एकटीचं नाही. सगळ्या तासाला एकदम उठल्या तर कुणाकडे नजर जाणार नाही.

वहिनी : ये. टेबलाचं तू बोल, करेक्शनच्या दराचं मी बोलते. ते तुझ्या तोंडून आलं तर त्यांना पटणार नाही.

नणंद : आणि तपासणी?

वहिनी : दिवाळी झाली की लगेच.

नणंद : वहिनी, अंगठ्याखालचा स्नायू एकदा सुकला की पुरता भरून येईलच याची हमी नसते. कप सुटायला लागलाय. दिवाळी नाही, उद्या.

वहिनी : उद्या अर्धा दिवस, त्याहून जास्त जमणार नाही. फोन मात्र तूच कर मालकांना. एक सोळा पानी फर्मा माझ्याकडे अडकलाय, तो शेजारच्या टेबलावरचीला द्यावा लागेल. त्या पानांचे पैसे तिलाच मिळतील, हेही त्याच फोनवर बोलून घे.